चार कोपऱ्यांतला चिन्नोर

चांगला आवाज ऐकायचा असेल तर माणसाकडे चांगले स्पीकर, चांगला अॅम्प्लिफायर आणि चार पोती धान असावं लागतं. पहिल्या दोन गोष्टी मी थोड्या थोड्या करून जमवल्या. धान आमच्या घरी आधीपासूनच होतं, आणि तिथंच घोटाळा झाला.

मी तिरोड्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि राहतो मात्र गावी, बोदलकसाच्या बाजूला. घराण्यातला मी पहिला पदवीधर. बाबांनी धानाच्या बांधीतल्या, म्हणजे शेतातल्या, चिखलात उभं राहून मला शिकवलं, हे मी विसरलो नाही. (बाबाही विसरलेले नाहीत.) त्या पदवीमुळे घरात माझ्या बोलण्याला वजन होतं. मी उद्या उलटा चालायला लागलो असतो तरी मायनं शेजारणींना सांगितलं असतं की पोरगा शिकलेला आहे, असंल काही त्यात.

तर मोबाइलवर आमचा एक ग्रुप आहे. त्यात दोनच विषय चालतात: घरातली म्युझिक सिस्टीम आणि स्पोर्ट्स कार. लोक आपापल्या स्पीकरचे फोटो टाकतात, इतर लोक त्यात वायर कुठली वापरली ते विचारतात. मग कुणी लाल गाडीचा फोटो टाकतो आणि सगळे काही वेळ गप्प बसतात. सिस्टीम आमची स्वतःची असते. गाड्या बहुतेक करून फोटोतल्याच. माझ्या मोबाइलच्या पडद्यावर अशी एक गाडी आहे आणि बाहेर सपरीत, म्हणजे पडवीत, जिची किक पाचव्यांदा लागते, अशी मोटारसायकल.

खरी गाडी असलेला माणूस ग्रुपमध्ये एकच, रायपूरचे नायडू साहेब. निवृत्त इंजिनियर. बोलतात हिंदी, ऐकतात सगळं, आणि दुसऱ्याच्या सिस्टीममधली चूक अशी दाखवतात की चूक करणाऱ्यालाच आभार मानावेसे वाटतात. त्यांनी ग्रुपवर लिहिलं होतं की खोलीच्या कोपऱ्यात खालच्या पट्टीचा आवाज जमा होतो आणि घुमतो, म्हणून तिथं काही तरी जड आणि दाट ठेवावं. शहरातले लोक त्यासाठी खास फोम मागवतात. मी सपरीत गेलो, आणि मला चार पोती चिन्नोर, आमच्याकडचं वासाचं धान, दिसला.

पोती कोपऱ्यात उभी केली आणि आवाज खरोखर सुधारला. ढोल पहिल्यांदा ढोलासारखा वाजला. कुणी हसू नये म्हणून मी चारही पोत्यांना निळं कापड शिवून घातलं. खोलीला अगदी स्टुडिओची कळा आली. एवढा आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

त्याच सुमारास बहिणीचं, सुषमाचं लग्न जुळलं आणि रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. बोलणी झाली तेव्हा बाबांनी चार लोकांत मुलाच्या वडिलांना शब्द दिला की जेवायला आमच्या बांधीतला चिन्नोर असेल, विकतचा दाणा ताटात येणार नाही. आमच्याकडे असा शब्द म्हणजे काय ते बाहेरच्यांना समजावणं अवघड आहे. मुलीच्या अंगावर काय घातलं हे लोक महिनाभरात विसरतात. भात कसा होता हे नातवंडांना सांगतात.

बुधवारी बाबांनी मला एक पोतं मिलवर नेऊन कुटून आणायला सांगितलं. फक्त एक. आणि त्याच दिवशी नायडू साहेबांचा निरोप आला की ते शनिवारी गाडी घेऊन माझी सिस्टीम ऐकायला येत आहेत.

आता एक कोपरा मोकळा केला तर आवाज एका बाजूनं घुमणार. हे बाबांना समजावण्यापेक्षा शनिवारी संध्याकाळी नेऊ, असं मी ठरवलं. गुरुवारी बाबांनी विचारलं, चिन्नोर गेला का? म्हटलं, झालंच समजा. त्यांनी सपरीत पाहिलं तर चारही पोती जागेवर नव्हती. पोरानं एक सांगितलं तर चार नेली, म्हणून ते दिवसभर खूश होते. निळ्या कापडातले खांब त्यांनी रोज पाहिले, पण ते अभ्यासाचं काही असेल म्हणून हात लावला नाही.

शनिवारी दुपारी गाडी आली. म्हणजे गावाबाहेरच्या पुलियापर्यंत आली. पुलियावर मध्ये उंचवटा आहे आणि गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं. शेवटी मंडपासाठी आणलेल्या दोन फळ्या मी घरून आणल्या, चाकांखाली टाकल्या आणि त्यावरून ती लाल गाडी, नवरी उंबरा ओलांडते तशी, हळूच पलीकडे आली. बाबा कमरेवर हात ठेवून बघत होते.

"गाडी बसून काऊन आहे?" त्यांनी मला विचारलं.

"बाबा, ती अशीच असते."

"मंग उठते कवा?"

नायडू साहेबांना मराठी बऱ्यापैकी कळतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ऐकायला बसण्याचे आमच्या लोकांत नियम आहेत. पंखा बंद, कारण त्याचा घरघराट येतो. फ्रीज बंद, कारण तो मध्येच हुंकार देतो. दारं-खिडक्या बंद. बाहेर अंगणात उद्याच्या साक्षगंधासाठी आलेल्या बाया पापड तळत होत्या, त्यांना मी हळू बोलण्याची विनंती केली. माझी बायको, वनिता, हिला कुकर लावू नको म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कुकर ओट्यावरून उचलून फळीवर ठेवला, तेवढा आवाज मात्र आम्हाला बंद दारातूनही स्पष्ट आला.

घामाच्या धारा लागलेल्या असताना नायडू साहेबांनी आपली खास रेकॉर्डिंग लावली. गाणं नव्हतं ते. एक स्पोर्ट्स कार सुरू होते, गुरगुरते, दुरून जवळ येते आणि निघून जाते. सिस्टीमची खरी परीक्षा यातच होते. आम्ही डोळे मिटून ती पुन्हा पुन्हा ऐकली. गाडी डाव्या स्पीकरातून येऊन उजव्यातून जाताना माझ्या अंगावर काटा आला.

दार ढकलून बाबा आत आले. बराच वेळ उभे राहून त्यांनी ऐकलं.

"एवढ्यासाठी दार लावून शिजून राहिले का?" ते म्हणाले. "गाडी बाहेर उभी आहे ना. तिलेच चालू करा."

बाबा गेल्यावर नायडू साहेब म्हणाले, "मास्टरजी, बेस एकदम टाइट है। कोनों में क्या लगाया?" मी सांगितलं, स्थानिक साहित्य आहे. त्यांनी पाठ थोपटली. अशी थाप मला प्राचार्यांकडूनसुद्धा कधी मिळाली नव्हती, त्यामुळे अजून ऐका, अजून ऐका करत संध्याकाळ झाली आणि दोन गावं पलीकडची राईस मिल बंद झाली. अंधारात फळ्यांवरून गाडी काढणं नको म्हणून नायडू साहेबही मुक्कामी राहिले.

रविवारी सकाळी मायनं मोठ्या गंजात भाताचं आंधण ठेवलं आणि मला हाक मारली, तांदूळ कुठं ठेवला रे?

मी म्हटलं, खोलीत.

ती खोलीत जाऊन परत आली. तिथं तर तुझे खांबच आहेत म्हणाली. मी एका खांबाची शिवण उसवली. आतून चिन्नोर भसकन तिच्या पायावर सांडला. टरफलासकट.

धानाच्या जिल्ह्यात, धानाच्या घरात, चुलीवर आंधण उकळत होतं आणि टाकायला तांदूळ नव्हता. मायनं गंजाखालचं एक लाकूड ओढून घेतलं. बाबांना कळलं तेव्हा ते मंडपात पाहुण्यांसाठी गाद्या घालत होते. ते तिथंच गादीवर बसले.

वनिता म्हणाली, दुकानातून आणू या, शिजल्यावर कोण ओळखणार आहे?

"मी वळखन," बाबा म्हणाले. "मी शब्द देल्लो आहो."

बस, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. मी मिलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, लवकर आणा, अकरानंतर लाइट जाते. ट्रॅक्टर भांडी आणायला तिरोड्याला गेलेला. माझी मोटारसायकल घेऊन काका जिलेबीवाल्याला आणायला गेलेले. बाजाराचा दिवस, गावात दुसरं चाक नाही. अंगणात चारच चाकं उभी होती. लाल.

नायडू साहेब फार मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी एकदा गाडीकडे, एकदा पोत्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून हो म्हटलं. गाडीची डिक्की समोर असते आणि तीत एक बॅग आणि मोठा डबा मावतो. मागे बसायला जागाच नाही. उरली बाजूची सीट, कातड्याची. वनितानं पाहुण्यांसाठी काढलेली नवी चादर सीटवर अंथरली, चौघांनी पोतं बसवलं आणि दार लावलं. गाडी सुरू झाली आणि टूं टूं ओरडू लागली. सीटवर वजन आहे आणि पट्टा लावलेला नाही, अशी तिची तक्रार होती. मी वाकून चिन्नोराला पट्टा लावला. गाडी शांत झाली.

(सीट दोनच. एकीवर नायडू साहेब, दुसरीवर धान. मी कुठं, हे वाचकांनी ओळखलं असेल.)

मी दोन फळ्या खांद्यावर घेऊन पुढं चाललो होतो. खड्डा आला की फळ्या टाकायच्या, गाडी गेली की उचलायच्या, पळत पुढं जायचं, पुढच्या गतिरोधकावर परत टाकायच्या. आमच्या रस्त्यावर प्रत्येक घरासमोर एक गतिरोधक आहे, आणि जिथं घर नाही तिथं खड्डा. गाडीचा वेगाचा काटा तीनशेपर्यंत जातो. एक म्हैस आम्हाला मागून गाठून पुढं निघून गेली. जाताना तिनं आरशात पाहिलं.

गाव सुटून थोडं पुढं गेलो आणि समोरून जीप आली. सुषमाचे सासरचे. वेळेच्या दोन तास आधी. रस्ता अरुंद, आमची गाडी खाली उतरू शकत नाही, मग जीपच शेताच्या धुऱ्यापर्यंत खाली उतरली आणि मुलाचे वडील बाहेर आले. पांढरा नवा शर्ट, नवं धोतर, कपाळाला गंध. बोलणीच्या दिवशी मी कॉलेजात होतो, त्यामुळे त्यांनी मला पाहिलेलं नव्हतं.

"काबा, काय काम चालू आहे रस्त्याचं?" त्यांनी माझ्या फळ्यांकडे बघत विचारलं.

"नाही. मी मुलीचा भाऊ."

ते थोडे मागे सरकले. "कॉलेजात शिकवते तो?"

"हो."

"मंग गाडीत कोन बसला आहे?"

मी सांगितलं, "चिन्नोर."

त्यांनी काचेला कपाळ लावून आत पाहिलं. पट्टा बांधून, नव्या चादरीवर, थंड हवेत धान बसलेलं होतं. मग अतिशय हळू, घरात कुणी आजारी असल्यावर विचारतात तसं विचारलं, "आमच्याचसाठी आहे का?"

मी मान डोलावली.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. बायांना उतरवलं, त्या माझ्या मागून पायी गावाकडे निघाल्या. नवरदेवानं आणि त्याच्या मामानं पोतं जीपमध्ये टाकलं आणि मुलाचे वडील स्वतःच्या मुलाच्या साक्षगंधाचं धान कुटायला स्वतः मिलवर गेले. नायडू साहेबांनी गाडी वळवली. बाजूची सीट रिकामी झाली होती. "अब तो बैठिए मास्टरजी," ते म्हणाले. पण मग फळ्या कुणी टाकायच्या?

मंडपाच्या दाराशी बाबा गुलालाचं ताट घेऊन उभे होते. तासाभरानं जीप आली. व्याही उतरले ते डोक्यापासून पायापर्यंत कोंड्यानं पिवळे. भुवयासुद्धा. मागून नवरदेवाच्या खांद्यावर तांदूळ. बाबांनी गुलाल लावायला बोट पुढं केलं, पण कपाळावर जागा शोधावी लागली. बाबांची मान मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा खाली पाहिली, आणि मला शिकवायला त्यांनी काय काय केलं ते सगळं मला उभ्या उभ्या आठवलं.

माय पळत तांदूळ घेऊन गेली. अर्धा वेळ आंधणाला पाणी टाकून टाकून तिचे हात भाजले होते. जेवणाच्या पंगती उशिरा बसल्या, पण बसल्या. भात वाढल्याबरोबर वास मंडपभर पसरला. व्याह्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग बाबांकडे पाहिलं.

"चिन्नोरच आहे," ते म्हणाले. "शब्द पाळला तुमी."

बाबांनी तेव्हा कुठे खाली बसून स्वतःचं ताट मागवलं.

जेवणं झाल्यावर लग्नाची तारीख काढली. मंडप कुणाचा, वाजंत्री कुणाची, सगळं नीट ठरलं. शेवटी व्याह्यांनी घसा खाकरला.

"एक सांगतो, राग नोका मानू," ते बाबांना म्हणाले. "लग्नाचा तांदूळ आमी घरून घेऊन येऊ."

मुलीच्या मंडपात मुलाकडच्यांनी तांदूळ आणायचा, असं आमच्या भागात कुणी ऐकलेलं नाही. मला वाटलं, आता बाबा उठून उभे राहतात. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आना बा."

लग्न पुढच्या महिन्यात आहे. कामं वाटून झाली आहेत. काका, मामा, शेजारी, एवढंच काय नायडू साहेबांनाही पाहुण्यांच्या सरबतावर नेमलं आहे. मी बाबांना विचारलं, मी काय करू? ते म्हणाले, तू आराम कर. सख्ख्या बहिणीच्या लग्नात भावाला आराम करायला सांगतात त्याचा अर्थ काय, हे समजण्याइतकं शिक्षण मात्र त्यांनी मला नक्कीच दिलेलं आहे.