टर्बो बसवला, सासूबाई सांडल्या

चालत्या गाडीवरून सासूबाई पडल्या तरी सुनेला पत्ता लागत नाही, हे शक्य आहे. मी ते करून दाखवलेलं आहे.

गाडी म्हणजे स्नोमोबील. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि वर बसायला एक शहाणा माणूस (आमच्याकडे एवढाच भाग कमी पडला). गाडी डेक्लनची. डेक्लन माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे नितीनच्या ऑफिसात आहे. तो बरीच वर्षं कॅनडात होता आणि परत येताना सोफा, फ्रीज आणि ही स्नोमोबील कंटेनरमध्ये घालून आयर्लंडला घेऊन आला. विक्लोच्या डोंगरात त्याच्या आईचं मेंढ्यांचं शेत आहे, तिथल्या शेडमध्ये ती पडून होती. शेजारी एक न उघडलेलं खोकं. टर्बो किट!

खोकं पाहिलं आणि माझ्यातली मेकॅनिकल इंजिनिअर जागी झाली. पुण्यात डिग्री घेतल्यापासून ती झोपलेलीच होती. नोकरीत मी यंत्रांवर प्रेझेंटेशन करते; यंत्राला हात लावायची वेळ आली की दुसऱ्या कुणाला तरी ईमेल करते.

"मी बसवून देते," मी म्हणाले.

"ग्रँड," डेक्लन म्हणाला. (इथे 'ग्रँड' म्हणजे भव्यबिव्य काही नाही. 'बरं', 'चालेल', 'कर काय करायचं ते' हे सगळं त्यात येतं.)

"अगं, इथे बर्फ पडतो किती?" नितीन म्हणाला. "भाताच्या मुदीवर तूप वाढतात तेवढा! त्याला टर्बो कशाला?"

"उंचावर हवा विरळ असते. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो."

"डेक्लनची टेकडी म्हणजे पर्वतीची धाकटी बहीण आहे, मधुरा. तिथे हवा चिक्कार आहे."

असल्या माणसांमुळेच विज्ञान मागे राहतं.

मग दर शनिवारी ओंगारच्या आमच्या घराला कुलूप लावून आम्ही विक्लोत. मी इंजिनाशेजारी आडवी, नितीन टॉर्च धरून उभा, आणि कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई मफलर गुंडाळून खुर्चीत, देखरेखीला. जुना एक्झॉस्ट निघाला, टर्बो बसला, पाइप जोडले गेले. थ्रॉटलची, म्हणजे वेग वाढवायच्या खटक्याची, केबल नव्या पाइपला आडवी येत होती, म्हणून मी तिला वळसा घालून दुसऱ्या बाजूने नेली आणि प्लॅस्टिकच्या झिप-टायने घट्ट आवळली. (जरा जास्तच घट्ट. पण ते नंतर कळलं.)

"हे दोन नट उरले," नितीन म्हणाला.

"स्पेअर देतात ते."

(देत नाहीत.)

शेडमध्ये इंजिन चालू केलं तेव्हा शेतातल्या सगळ्या मेंढ्या पलीकडच्या कुंपणाला जाऊन चिकटल्या. डेक्लनच्या आईने, ब्रेडाबाईंनी, स्वयंपाकघराची खिडकी उघडली, छातीवर क्रूस काढला आणि खिडकी लावून घेतली. सासूबाई मात्र खूश!

"आवाज भारी हाय गं! आमच्या गुऱ्हाळाचं इंजान असंच वरडायचं."

आता फक्त बर्फ हवा होता. आणि एका शनिवारी आम्ही शेडमध्ये असतानाच तो पडला. दुपारपर्यंत टेकडी पांढरी! वितीएवढा थर असेल, पण मला हिमालय दिसत होता. डेक्लन आणि नितीन मेंढ्या हाकलून वरचं फाटक लावायला गेले. "आम्ही येईपर्यंत हात लावू नकोस," असं नितीन जाताना म्हणाला. तो असं नेहमीच म्हणतो.

मी हेल्मेट घातलं, हत्यारांची सॅक पाठीला लावली (चाचणीत काही सुटलं तर!) आणि बसले.

"मी बी बसतो की मागं," सासूबाई म्हणाल्या. (कोल्हापूरच्या बायका 'बसते' म्हणत नाहीत, 'बसतो' म्हणतात. आणि बसतातच.)

"आई, सीट एकाचीच आहे."

"आमच्या यष्टीत तिघांच्या शिटावर पाच बसत्यात."

मी त्यांना दुसरं हेल्मेट चढवलं. साडी भिजू नये म्हणून वरून डेक्लनची रेनकोटच्या कापडाची पँट चढवली. ती इतकी गुळगुळीत होती, की सासूबाई सीटवर बसल्या आणि बसल्या जागी अर्धी वीत मागे घसरल्या.

"माझी सॅक घट्ट धरा, आई. मी अगदी हळू नेणार आहे."

अंगठ्याने थ्रॉटल दाबला. गाडी म्हशीसारखी हलली.

"खाली उतरून ढकलू का?" मागून प्रश्न आला.

हा माझ्या डिग्रीचा अपमान होता. मी थ्रॉटल पूर्ण दाबला. आता, टर्बोला जाग यायला क्षणभर लागतो हे मला पुस्तकातून माहीत होतं. जाग आल्यावर तो काय करतो, हे पुस्तकात एवढं स्पष्ट नव्हतं! एक शिट्टी वाजली, पुढच्या स्की वर उचलल्या आणि टेकडी माझ्या अंगावर धावून आली. पाठीवरच्या सॅकला जोराचा हिसका बसला. 'चला, आईंनी घट्ट धरलंय,' असं मला समाधान वाटलं.

समोर दगडी भिंत. मी हँडल डावीकडे वळवलं. आवळलेली केबल ताणली गेली आणि थ्रॉटल आपोआप उघडला. म्हणजे वळावं तर गाडी पळते, आणि पळते म्हणून आणखी वळावं लागतं!

"घाबरू नका, आई!" मी ओरडले.

मागे शांतता.

"मी आहे ना!"

तरी शांतता. किती धीराची बाई, माझ्या मनात आलं. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. लग्न झाल्यापासून माझं एकही वाक्य या बाईंनी उत्तराशिवाय सोडलेलं नाही.

भिंत चुकली. भिंतीशेजारच्या उतारावरचं काटेरी झुडूप चुकलं नाही. मी वरच्या बाजूने आत गेले, जॅकेटला बांधलेली लाल दोरी इंजिनाच्या स्विचमधून सुटली आणि इंजिन बंद पडलं. (चालक पडला की गाडी थांबावी, यासाठीच ती असते. हाताने ओढली असती तरी थांबली असती. सुचलं नाही.)

"आई, लागलं का हो?" झुडपातूनच मी विचारलं. मग वळून पाहिलं. सीट रिकामी.

तेवढ्यात नितीन आणि डेक्लन वरच्या फाटकाकडून धापा टाकत आले.

"मधुरा! लागलं का?"

"नाही."

"हात लावू नको म्हटलं होतं ना! आणि आई कुठे आहे?"

"मागे."

"मागे म्हणजे?"

"मागे... कुठेतरी."

नितीनचा चेहरा बर्फासारखा झाला. तो पट्ट्याच्या खुणांवरून उलटा पळत सुटला, मागून मी, मागून "शी'ल बी ग्रँड" म्हणत डेक्लन. पण त्याचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. पायथ्याशी बर्फात एक ऐसपैस खळगा होता. कुणीतरी पंगतीला बसावं तसा. शेजारी एक हातमोजा. सासूबाई नव्हत्या. पावलं रस्त्यापर्यंत गेली होती आणि तिथे संपली होती. त्या वयात, त्या थंडीत, भाषा न येणाऱ्या देशात! नितीनने हातमोजा उचलून खिशात ठेवला, आणि त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"घरी जाऊन फोन करू," डेक्लन म्हणाला. "शोधपथक येईल."

आम्ही स्वयंपाकघराचं दार उघडलं. शेगडीपाशी, हेल्मेटसकट, सासूबाई चहा पीत होत्या. समोर ब्रेडाबाई त्यांना केक कापून देत होत्या. रस्त्याने ट्रॅक्टर घेऊन जाणाऱ्या शेजाऱ्याने हेल्मेट घालून बर्फातून चालत येणारी बाई पाहिली आणि जवळच्या पहिल्या घरी आणून सोडली होती.

"आई!" मी रडायलाच लागले. "लागलं नाही ना?"

"बर्फात काय लागतंय? उठून तुझ्या नावानं ह्या हाका मारल्या! आन् तू आपली 'घाबरू नका आई, घाबरू नका आई' म्हनत निघून गेलीस. माझ्याशिवाय!"

डेक्लनला समजायला नितीनने त्याचा अनुवाद केला आणि अनुवाद करता करता तो इतका हसला, की त्याला खाली बसावं लागलं. मी जॅकेटमधले झुडपाचे काटे उपटत उभी.

मग सासूबाईंनी गडहिंग्लजच्या आपल्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. मी कान टवकारले. माझं नाव आता अख्ख्या तालुक्यात होणार होतं.

"आगं आक्का, सुनंनं मशिनीला नवं इंजान का काय ते स्वतः जोडलंय बघ. लई झ्याक! तेलाचा एक थेंब गळंना." त्यांनी चहाचा घोट घेतला. "निस्ती मानसं गळत्यात."