सातवा अल्बम

"मधनंच न्हाई ऐकायचं म्याडम. पयल्यापासनं."

असं म्हणून तो माझ्या हातातला मोबाइल काढून घ्यायचा, अंगठा शर्टाला पुसायचा आणि पार पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यावर नेऊन ठेवायचा. मला घाई असो, डबा उघडा असो, त्याला सोयरसुतक नसायचं.

सांगलीच्या एका हळदीच्या कारखान्यात मी नमुने तपासायचे आणि तो पॉलिशच्या ड्रमवर होता. वाळलेली हळकुंडं लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात, घासून साल निघते. तो आवाज तुम्ही ऐकला नसेल तर नशीबवान आहात. शेजारी उभं राहून बोंब मारली तरी ऐकू जात नाही. त्यात हा बारा वर्षं उभा. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणायचे. इथं 'तो' म्हणते, कारण परका नव्हता.

मूळचा जतकडचा, मेंढरांमागं वाढलेला. पुण्यात एका होस्टेलच्या मेसमध्ये कामाला असताना कुणा विद्यार्थ्यानं जाता जाता त्याला एक मेमरी कार्ड देऊन टाकलं. त्यात एका परदेशी रॉक बँडचे सगळे, म्हणजे आठही अल्बम. गिटार करवादतेय, गाणारा कधी पुटपुटतोय, कधी घसा फाडतोय. मला पहिल्यांदा ऐकून डोकंच उठलं होतं.

इंग्रजीचा गंध नाही, पण अल्बमांना त्याची स्वतःची नावं होती. पहिला 'उपाशी', तिसरा 'भांडणाचा', पाचवा 'ड्रमवाला सोडून गेल्यावरचा'. सातवा मात्र नुसता 'सातवा'. त्यात त्याचा जीव अडकलेला. त्यातल्या एका गाण्यात म्हणे गाणारा मेलेल्या भावासाठी रडतोय. मी खवचटपणे नेटवर अर्थ शोधला. गाणं बंद पडलेल्या फ्रीजवर होतं. त्याला सांगितलं तर म्हणाला, "आसंल फ्रीज. पर रडतोय का न्हाई?"

रडत होता, खरंच.

आता माझं पाप सांगते. ड्रमच्या आवाजात त्याला मोबाइलवरचं गाणं ऐकू यायचं नाही, म्हणून एका दिवाळीला मीच त्याला कान झाकणारे मोठे हेडफोन आणून दिले. 'आता ड्रम बाहेर, गाणं आत,' असं वर शहाणपणानं म्हणाले. ड्रमवर मात करायची म्हणून तो आवाज शेवटपर्यंत वाढवायचा, रोज, पाळी संपेपर्यंत. चार वर्षं. बघणाऱ्यांना वाटायचं, गडी कान जपतोय. मलाही तेच वाटायचं. सायन्स शिकलेली बाई मी, आणि अक्कल गहाण टाकलेली.

मिरजेच्या डॉक्टरांकडं मीच त्याला घेऊन गेले. डावा कान गेला होता, उजवा जायच्या वाटेवर होता.

"कानात मोठ्यानं गाणी ऐकायचात का?" डॉक्टरांनी विचारलं.

माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "न्हाई. ड्रमचाच आवाज, दुसरं काय."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

मालकांशी भांडून मी त्याला ड्रमवरून काढून पोती शिवायला बसवलं. त्याच सुमाराला बातमी आली, पंधरा वर्षांनी त्याच्या बँडचा नववा अल्बम येणार. त्यानं लगेच ठरवलं, आधीचे आठ क्रमानं ऐकायचे, मगच नवा. दर रविवारी एक.

मी हात जोडले. "अहो, कानाचा भरवसा नाही. निदान सातवा तरी आधी ऐकून घ्या."

"न्हाई म्याडम. सा ऐकल्याबिगर सातवा कसा कळंल? लेकरू चालायच्या आधी पळतंय व्हय?"

"मरा मग!" मी म्हणाले. तो शब्द आता परत घेता येत नाही.

रविवारी कारखाना बंद. आम्ही गोदामाच्या दारात बसायचो, तो मोबाइल उजव्या कानाला लावून. भांडणाचा ऐकताना खुदकन हसला. पाचव्याला म्हणाला, "ह्यो नवा ड्रमवाला मला कवाच पटला न्हाई, पर बिचारा जीव तोडून वाजवतोय." सहाव्याला आवाज पुरा वाढवूनही त्यानं दोनदा विचारलं, "लागलंय न्हवं?"

त्यानंतरच्या गुरुवारी कामावर आला तो ओरडतच. "कोंबडं नुसतं तोंड उघडतंय म्याडम, आरवंना!" बाया हसल्या. तोही हसला, आणि हसता हसता उजव्या कानावर थापा मारून बघायला लागला.

कानाचं मशीन लावून पाहिलं. "समदा ड्रमच वाजतोय," म्हणाला आणि काढून ठेवलं.

नववा आला त्या रविवारी तो हजर होता. तुमी ऐका, असं खुणेनं म्हणाला. मी ऐकत होते आणि तो माझ्या तोंडाकडं बघत होता. गाणाऱ्याचा आवाज पार बसलेला, गाणी दमलेली. संपल्यावर मी नमुन्याच्या एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'छान आहे.'

त्यानं वाचलं. "हळदीला तुमी कवा खोटी चिठ्ठी लिवली न्हाई," तो मोठ्यानं म्हणाला. मग चिठ्ठी खिशात घालत, "म्हातारा झाला आसंल गडी. सातवा लावा. तुमी ऐका, मी हितंच हाय."

मी लावला. तो मोबाइलवरचे सरकणारे सेकंद बघत होता. चौथ्या गाण्यात त्यानं एकदम बोट वर केलं. "आता!"

नेमका तेव्हाच माझ्या कानात ड्रमचा ठोका कोसळला.

"आलं?"

मी मान हलवली.

"लय जोरात आलं?"

मला रडू आवरेना. तो माझ्याकडं बघत राहिला. "मंग बराबर हाय," म्हणाला.

महिन्याभरानं तो गावी गेला. मेंढरांमागं कान तिखट लागतो, म्हणून भाऊ त्याला रानात पाठवत नाही.

परवा मी त्या भावाला फोन केला. विचारलं, "कसे आहेत?"

"बरा हाय की. दारातच बसलाय, बोटानं खाटंवर कायतरी वाजवतोय. द्यू का त्याच्याकडं फोन?"