माती तपासायला पोलादपूरच्या डोंगरात

"महाबळेश्वरला येतेस का?" असं शुभांगीने विचारलं असतं, तर गर्दीच्या नुसत्या आठवणीने मी नाक मुरडलं असतं. पण ती म्हणाली, "पोलादपूरला माती बघायला येतेस का?" आता असल्या आमंत्रणाला नाही कोण म्हणणार! शुभांगी माझी शाळेपासूनची मैत्रीण. इमारत उभी राहण्याआधी जमिनीखालची माती तपासायचं तिचं काम. मी मुकाट्याने रजा टाकली.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव करत महाड गाठलं. वरंध घाटाने जायचं मनात असेल तर तो चालू आहे का, हे आधी विचारून घ्या. आम्ही विचारलं म्हणून वाचलो. स्टँडजवळ हजाराच्या आत खोली मिळते. पंख्याचा खडखडाट त्यातच आला. जेवायला मुख्तारभाई घेऊन गेले. हे शुभांगीचं मशीन वाहून नेणाऱ्या पिकअपचे मालक, बरीच वर्षं कुवेतला गाडी चालवून परतलेले. दासगावच्या खाडीतली मासळी आणि गरम तांदळाची भाकरी. मी लाज सोडून जेवले.

सकाळी पोलादपूर ओलांडून कच्च्या चढाला लागलो. "ताई, गाडी चढेल," मुख्तारभाई म्हणाले, "पण तुम्ही उतरा." उतरले! मेच्या उन्हात घामाघूम होत वाडीत पोचले, तर गाडी माझ्याआधी हजर.

वाडी जेमतेम दहाबारा घरांची. गेल्या पावसात घरांमागच्या डोंगराला भेग पडली, त्यामुळे सगळ्यांना हलायचं होतं. गोठ्यांपलीकडचा माळ पसंत पडला होता. तो पास झाला तर गुरं जवळ राहणार. नापास झाला तर खाली हायवेलगतच्या जागेत जायचं, आणि तिथे गुरांना जागाच नाही. पाच म्हशींच्या मालकीणबाई सरूमावशींनी हे सगळं मला पाण्याचा तांब्या हातात देतादेताच सांगून टाकलं.

मशीन म्हणजे तीन पायांचा लोखंडी सांगाडा. जमिनीत नळी घालायची, तिच्यावर ठरलेल्या उंचीवरून जड हातोडा सोडायचा आणि ठोके मोजायचे. घट्ट मातीत हातोडा घाम काढतो, मऊ मातीत नळी भसकन खाली जाते. इथली गेली. वर आलेला मातीचा नमुना तिने नळीतच ठेवून दोन्ही तोंडांना मेण लावलं. ओल उडता कामा नये, प्रयोगशाळेत ती तशीच पोचायला हवी.

"ही बोरवेल नाही," असं तिने दिवसभर बजावूनही वाडीतल्या बायका एकच विचारत होत्या, "पानी लागला का गो?" उन्हाळाभर खालच्या झऱ्यावरून हंडे वाहणाऱ्या बायका दुसरं काय विचारणार?

असं भोक, म्हणजे बोर, मारताना वरून पाणी सोडतात, म्हणून जमिनीतलं खरं पाणी दुसऱ्या दिवशी मोजायचं. सकाळी आम्ही गेलो, शुभांगीने फीत सोडली आणि ती जरा आत जाते न जाते तोच ओली. सरूमावशींनी ते पाहिलं मात्र, धावत जाऊन नारळ आणला आणि तिथेच फोडला. काय आनंद एकेकीच्या तोंडावर! शुभांगीने आदल्या दिवशीच घेतलेल्या पलीकडच्या बोरात फीत सोडली. तिथेही तेच.

"पानी लागला, तर तू तोंड पाडून का उभी?" मावशींनी विचारलं.

"मावशी, ऐन मेमध्ये पाणी इतकं वर आहे. पावसाळ्यात उताराची ही मऊ माती पार भिजणार. प्रयोगशाळेचं व्हायचंय, पण इथं घरं बांधा असं मी लिहून देणार नाही."

"तुजा काय जातो गो! गुरांना काय डोक्यावर घेऊ?" मावशी कडाडल्या. मावशी तिथेच मातीच्या ढिगाशेजारी बसल्या. ढिगातलं एक ढेकूळ हातात चुरत म्हणाल्या, "माजी नणंद पल्याडच्या डोंगरात व्हती. घरावर दरड आली, कोन उरला नाय. तिकडं बोर माराया कुनी आला नवता." मग त्यांनी शुभांगीच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "खा. फोडलाय तर खा."

खोटं कशाला सांगू, रडले मी.

परतताना आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, वाई, पुणे. वळणं पोटातलं ढवळून काढतात, हलकं खाऊन निघा. पानाच्या द्रोणातली करवंदं मात्र घ्याच. दरीवर ढग उतरले होते, फोटो काढायचे होते. मी एकही काढला नाही.

घरी आल्यावर दोन आठवड्यांनी शुभांगीचा फोन आला. मेण लावलेल्या नळ्यांनी तिचंच म्हणणं खरं केलं होतं. वाडीने खालची जागा घेतली, अंगणं कमी करून सगळ्यांचा मिळून एक गोठा काढायचं ठरवलं. तिथे मशीन लागलं त्या दिवशी सरूमावशी डोंगर उतरून आल्या आणि पहिला बोर गोठ्याच्या जागेवरच घे म्हणून अडून बसल्या.

"अहो, आधी घरांची जागा बघू द्या की," शुभांगी म्हणाली.

तर मावशी म्हणाल्या, "मानसं काय, हाक ऐकून पळतील. गुरं दाव्याला बांधलेली असतात गो."