बनुबाईची कॅनडाला गेलेली लेक

बनुबाई गेली त्याला अजून महिना न्हाई झाला. माझी सख्खी थोरली बहीन. रडून रडून डोळं सुजलं माझं, पन तिची आठवन काढली की पयला तो इमानतळावरचा दिवसच म्होरं येतो. तोच सांगते.

बनुबाईची राहुरीला खानावळ हुती. शेतीचं शिकनारी पोरं जेवाया यायची. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ न्हाई. म्हनून ती पोरान्ला ओरडून ओरडून जेवू घालायची. त्यातच मुर्तझा हुता, अफगानिस्तानचा. आधी भाकरी बघून घाबरायचा, मग ठेचा मागून खाया लागला. मागनं त्याची बायको हकीमा आन सदफ नावाची बारकी पोर बी आली.

हे हजारा लोक. शिया. मुसलमानच, पन तिकडं ज्यांचं राज्य आलं ते यान्ला मुसलमान मानीत न्हाईत. मुर्तझाचा बाप मास्तर हुता, मशिदीत नमाज पढताना बाँबनं गेला. भावाला घरातनं उचलून नेलं, तो परत आलाच न्हाई. मग मुर्तझाला फोन याया लागले, तू कवा येतो, तुझीच वाट बघतोय. शिक्षान संपलं, व्हिसा संपला, जायचं कुठं? घरमालक भ्याला, त्यानं खोली खाली कराया लावली. बनुबाईनं भांड्यांची मागली खोली रिकामी केली आन तिघान्ला आत घेतलं.

लोकं लई बोलली. परका मानूस, कोन कुठला, उद्या पोलीस आले तर. बनुबाई उठली आन मुर्तझाला घेऊन आपनच पोलीस ठेशनात गेली, म्हनली लिहून घ्या, माझ्याकडं ऱ्हातेत. गनीभाई आमच्या घरचाच मानूस, काळीपिवळी जीप चालवतो. तो म्हनला, "बाई, ते शिया हायेत. आमच्यात न्हाई बसत."

बनुबाई म्हनली, "मग माझ्यात बसू दे. तू फकस्त जीपमधी बसव."

त्या दिवसापास्नं गनीभाईनं कुठल्याच फेरीचं भाडं घेतलं न्हाई त्यांच्याकडनं, आन सदफसाठी रोज एक पेरू आनायचा.

दिल्लीला निर्वासितांचं हापीस हाय, तिथं बनुबाई त्यांच्यासंगं गेली. जल्मात शिर्डीच्या पुढं गेलेली न्हाई बाई, भाकरी बांधून दिल्लीला गेली. दोन-तीनदा गेली. शेवटाला कॅनडातल्या काही घरांनी मिळून या तिघांची जबाबदारी घेतली. आमच्या सरकारनं बी देश सोडायची परवानगी दिली, पन ती इमानाच्या दिवसापर्यंतच. संध्याकाळचं इमान चुकलं तर परवानगी गेली, आन मग परत पयल्यापास्नं सगळं. न्हाईतर त्याला उचलून तिकडंच धाडलं तर? 

निघायच्या दिवशी सकाळी बॅगा मागल्या दाराशी ठेवल्या हुत्या. गनीभाई टायरात हवा भराया गेल्ता. तेवढ्यात एक मानूस आला. उंच, गोरा, बूट चकचकीत. मोबाईलमधी मुर्तझाचा फोटू दाखवला, हिंदीत म्हनला, मी याचा दोस्त, याला घरी न्यायला आलोय. मागल्या खोलीत मुर्तझा जागच्या जागी गार पडला. हकीमानं सदफच्या तोंडावर हात ठेवला.

मी त्यान्ला पोचवाया म्हनून सकाळीच आले हुते. बनुबाईनं त्या मानसाला बाकड्यावर बसवलं, च्या दिला, वर दोन बिस्किटं दिली. म्हनली, अरे बाबा, तुझी चुकामूक झाली बघ. तो पहाटंच हिवरे बाजारला गेला, पानी कसं अडवलंय ते बघाया. शेतीचं शिकलेलं पोरगं, तिथं गेल्यावर दिवसभर हलत न्हाई. तू जा, तिथंच गाठ पडंल.

मानसानं च्या संपवला, शुक्रिया म्हनला, गाडीत बसून गेला. मी बनुबाईकडं बघतच ऱ्हायले. तिनं दार लावून आतनं कडी घातली.

गनीभाई आला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला.

"बाई, हिवरे बाजार कुठल्या रोडला हाय?"

"नगरच्या पुढं."

"नगर-कल्यान रोडला. आन आपल्याला कुठनं जायचंय?"

 आमाला नगरवरनं माळशेजचा घाट उतरूनच इमानतळाला जायचं हुतं. तिनं त्या मानसाला बरूबर आमच्याच रस्त्याला लावला हुता.

"तुला दुसरं गाव न्हाई घावलं?" गनीभाई म्हनला. "श्रीरामपूर सांगायचं, भंडारदरा सांगायचं."

"तोंडात आलं ते सांगितलं. तू गाडी काढ."

मग काय, संगमनेरवरनं घोटी, कसाऱ्याचा घाट. मुर्तझा मागं वाकून बसलेला, त्याच्या अंगावर बॅग. म्होरं उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या, एक सरली की दुसरी. गनीभाई दर वेळंला बोलायचा, या कारखान्याला आजच घाई. सदफ खिडकीतनं ट्रॅक्टरवाल्यान्ला ओरडायची, "ओ दादा, बाजूला घ्या की, आमचं इमान हाय." मराठी शाळंत जाती ती, आमच्यापेक्षा जोरात बोलती. एक ट्रॅक्टरवाला हसला आन त्यानं खरंच गाडी कडंला घेतली. घाट उतरलो तवा बनुबाई पयल्यांदा हसली.

इमानतळावर टायमात पोचलो. आत तिकीटवाल्यान्लाच सोडतेत. दारातच हकीमा बनुबाईच्या गळ्यात पडली. शिपाई म्हनला, चला, आत चला. ते तिघं काचंच्या पल्याड गेले. आमी तिघं बाहीर कठड्याला टेकून हुबे.

मला वाटलं झालं. तवर बनुबाईच्या मोबाईलवर मुर्तझाचा फोन, तिनं स्पीकर चालू केला.  त्याची मोठी बॅग अडवली. मशिनीत दिसतंय की गोधडीच्या आत काळं काळं गोल काहीतरी शिवलंय. ते इचारतेत ह्ये काय हाय, कुनी भरलं. म्हनला, मला म्हाईत न्हाई, मावशी. मी म्हाईत न्हाई म्हनलो तर ते जास्तच इचाराया लागले. दुसऱ्या सायबाला बोलावलंय.

गनीभाईनं माझ्याकडं बघितलं, मी बनुबाईकडं. ती गोधडी बनुबाईनंच शिवलेली, तिच्या जुन्या लुगड्यांची.

 "दे त्यान्ला फोन," बनुबाई म्हनली.

तिकडं एक पोरगी बोलली, सेक्युरिटीवाली, मराठीच. बनुबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"बाई, खोबऱ्याच्या वाट्या हायेत त्या. तांदूळ हाय, हळकुंड, सुपारी, खण. ओटी हाय ती."

"कुणाची ओटी?"

"हकीमाची. आमच्यात लेक लांब निघाली की ओटी भरत्यात. घर येईस्तवर सोडायची नसती. म्हनून आत शिवली."

"मग त्यांना सांगितलं का नाही? ते इथं उभं राहून घाबरलेत."

बनुबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं. आमी दोघं शेजारी, बाजूनं लोकं सामान ढकलत चाललेली. मग म्हनली, "मी रांडमुंड बाई हाय. माझ्या हातनं ओटी भरत न्हाईत. बहिनीला सांगितलं असतं तर तिनं भरली असती, तिचा नवरा हाय. पन मला माझ्याच हातानं भरायची हुती. म्हनून चोरून शिवली. त्या पोराला काय बी म्हाईत न्हाई गं. त्याची माघारी जायची सोय न्हाई. त्याला जाऊ दे, मला धरा पायजे तर."

 मी बी फोनपाशी कान नेला.

"मावशी, कुणी कुणाला धरत नाही," पोरगी म्हनली. "सुकं खोबरं विमानात चालत नाही, पेट घेतं ते. तेवढं काढावं लागेल. बाकी राहू दे."

"तूच काढ मग. हकीमाला काढाया लावू नको, लेकीनं आपली ओटी आपन सोडू न्हाई."

"मीच काढते. टाका कुठून उसवू?"

"कोपऱ्यात लाल दोरा हाय बघ."

फोन चालूच हुता. कात्रीचा आवाज आला. कुनीतरी इचारलं, पोरगी त्याला हिंदीत सांगत हुती, बेटी को बिदा करते हैं ना, वैसा है. मग हसन्याचा आवाज. मग ती म्हनली, "झालं मावशी. खण, तांदूळ, सगळं परत बांधलं. आता यांना पळवते, गेट बंद होईल."

आन फोन बंद.

आता काय करायचं? गनीभाई फेऱ्या माराया लागला. म्हनला, इमान सुटायची वेळ झाली. मी देवाचं नाव घेत हुते, तो त्याच्या देवाचं. बनुबाई नुसती काचंकडं बघत. मधी गनीभाई म्हनला, बाई, मला सांगायचं, मी बानूकडनं भरून आनली असती. बानू म्हंजी त्याची बायको. बनुबाई म्हनली, तुमच्यात भरत्यात का? तो म्हनला, तुझ्या पोरीसाठी भरली असती.

तवर मोबाईल वाजला. सदफ.

"आज्जे, बसलो आमी. पट्टा लावलाय. बाबा रडतोय आन आई त्याला गप करती."

"पट्टा घट लाव," बनुबाई म्हनली.  गनीभाई म्होट्यानं हसाया लागला, मीबी, आन हसता हसता आमी तिघं तिथं कठड्याशी रडत हुबे. एक मानूस इचारून गेला, कुनी गेलंय का? गनीभाई म्हनला, हा, पोरगी गेली, कॅनडाला.

परत निघालो. बनुबाईनं इचारलं, आता त्यान्ला वाटंतनं कुनी माघारी आनू शकतं का? गनीभाई म्हनला, न्हाई बाई, इमान उडालं, आता कुनाच्या बापाला घावत न्हाईत.

"नक्की?"

"नक्की."

ते तिघं घरात आल्यापास्नं बनुबाई खानावळीच्या दाराला आडवी वळकटी टाकून निजायची, जरा खुट झालं की उठून बसायची. त्या दिवशी कसाऱ्याचा घाट चढायच्या आधीच तिची मान माझ्या खांद्यावर पडली. तोंड उघडं, घोरत हुती. गनीभाईनं टेप बंद केला आन खड्डं चुकवत जीप हळूहळू चालवली, राहुरी येईस्तवर.