दोन माणसांची गोधडी

तुळशीरामकाका म्हणजे विचुंब्यात आमच्या बिल्डिंगचे मालक. सगळं राज्य गेटजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून चालतं. मिठागरात उभा जन्म गेला, त्यामुळे आवाज अजून खाडीच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाईल असा. पाण्याची मोटर बंद करायला सांगतात तेव्हा शेजारच्या बिल्डिंगचीही बंद होते.

त्यांच्या मुलानं, धनेशदादानं, तंबूची ट्रॉली आणली. गाडीला मागून जोडायची, उलगडली की आत दोन पलंग. शनिवारी आपट्याला, नदीकाठी मुक्काम. सकाळपासून गल्लीत सामान आणि काका.

"यो तंबू हाय का छत्री?"

"बाबा, हात नका लावू. जड सामान बरोबर चाकांवर यायला पाहिजे, नाहीतर बॅलन्स जातो."

"मना शिकवतंस? मिठाच्या गोनी काय तुजा फोन लादत व्हता?"

मग काकांनी स्वतः भरायला घेतलं. बारशाला पुरेल एवढा टोप. सुकट, बोंबील, तांदळाचं पीठ. खुंट्या ठोकायला हातोडा. आणि एक जाडजूड गोधडी.

"अहो बाबा, आत फोम आहे!"

"बल्याला फोम चालत नाय. पाठ धरते."

धनेशदादानं आईकडे बघितलं. दारात तांदूळ निवडणाऱ्या भामाकाकूंचा हात थांबला.

बल्या म्हणजे बळीराम, काकांचा धाकटा भाऊ. घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. पोरपणी दोघं मिठागरातल्या झोपडीत एका गोधडीत झोपायचे. पण बळीरामकाकांच्या मुलीचं लग्न निघालं आणि त्यांनी भावाकडे पत्रिका पुतण्याच्या, म्हणजे धनेशदादाच्याच, हाती पाठवली. इथं सख्ख्या भावाला आवतण द्यायचं तर स्वतः दारात यावं लागतं. अक्षता ठेवायच्या, तोंडानं "येवाचा हाय" म्हणायचं. नुसतं कार्ड म्हणजे लाइटचं बिल. तुळशीरामकाका लग्नाला गेले नाहीत. हॉलचा बँड घरात ऐकू येत होता. काका टीव्हीचा आवाज वाढवत बसले होते. तेव्हापासून बोलणं बंद.

"बलीरामभावजींना सांगतला का कोनी?" काकूंनी विचारलं.

"धनेशनं मेसेज टाकलाय."

"मेसेज!" काकूंनी सूप खाली ठेवलं. "कार्ड आयला म्हनून तुमी सख्ख्या पुतनीच्या लग्नाला गेला नाय. आनि तेनं मेसेजवर येवाचा? चपला घाला, जावा."

"मी थोरला हाय."

"मंग थोरल्यासारखा वागा!"

काकांनी खरंच चपला घातल्या. गेटपर्यंत गेले. तिथं उभं राहून गल्लीच्या टोकाकडे बघितलं, डोक्यावरून हात फिरवला आणि वळून ओरडले, "धनेश, खुंट्या घेतल्यास ना रं?"

खुंट्या त्यांनीच भरल्या होत्या.

नारळ फुटला. गाडी निघाली, मागे ट्रॉली डुलत. आम्ही दोन-चार जण उगाच टाटा करत मागे चाललो. गल्लीच्या टोकाला गाडी थांबली, आणि का थांबली ते आम्हाला दिसलं.

बळीरामकाका ओटीवर बसले होते. दाढी केलेली, केस पाण्यानं बसवलेले, मांडीवर भरलेली पिशवी, तिच्यातून बॅटरीचं टोक बाहेर. ते समोरच्या भिंतीकडे असं बघत होते, जणू तिथं गाडी नव्हतीच.

"उतरा, बाबा," धनेशदादा हळूच म्हणाला.

काकांचा हात दाराच्या कडीवर होता. कडी काही वाजली नाही. "हॉर्न दे," ते म्हणाले.

"अवो, भाजीवाला हाव का आपुन?" काकू मागच्या सीटवरून कळवळल्या.

तरी हॉर्न वाजला. बळीरामकाका उठले. पिशवी खांद्याला लावली. क्षणभर गाडीच्या दाराकडे बघितलं, ते उघडतंय का म्हणून. मग आत गेले आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. तान्हं मूल निजल्यावर लावतात तसं लावलं.

आता कुठे काका उतरले. ओटी चढले, दारावर थाप मारली.

आतून आवाज आला, "कोन हाय?"

बिल्डिंगभर आवाज घुमवणारा तो माणूस दारासमोर नुसता उभा. ओठ हलले. "मी, तुळशीराम" एवढंच तर म्हणायचं होतं. मागे शाळेची व्हॅन अडकली होती, ती पों-पों करत होती.

"कोन हाय रं?" आतून पुन्हा. या वेळी आवाज दाराच्या अगदी जवळून आला.

"कोन नाय," काका म्हणाले, आणि उतरले.

गाडीत बसताना त्यांनी कुणाकडेही बघितलं नाही. ट्रॉली कोपऱ्यावर वळली.

तेव्हा दार उघडलं. बळीरामकाका बाहेर आले. पिशवी अजून खांद्यालाच. रिकाम्या रस्त्याकडे बघत त्यांनी मला विचारलं, "गेली काय रं?"

"गेली, काका."

"बरा जाला. उनाआदी पोचतील." ते ओटीच्या कडेला बसले. मग म्हणाले, "धनेशला फोन लाव. म्हनावा, बापाला पान्यात उतरू देव नको. तिथं नदीत खडकाखाली खोल हाय, आनि तेला पवता येत नाय."

मी फोन काढला.

"आनि माजा नाव सांगू नको."