पोट्ट्याचा शर्ट

“जर्सी काढून द्या.”

सर एवढंच म्हणाले. टायरकडे बघत.

आम्ही नुकत्याच जीपमधून उतरलो होतो. म्हणजे उतरवल्या गेलो होतो. दर्यापूरच्या आमच्या शाळेचा मुलींचा कबड्डीचा संघ. तालुक्याला जिंकलो होतो आणि जिल्ह्याचे सामने खेळायला अमरावतीला निघालो होतो. मी दहावीत होते. जीपचं इंजिन चालू होतं, मांडीवर डबे होते, कोणाच्या तरी डब्यातला ठेचा दरवळत होता. तेवढ्यात सरांना फोन आला. ते बाजूला गेले आणि परत आले ते मान खाली घालून.

“उतरा. अध्यक्ष सायबाचा फोन होता. गाडी एकच हाय. पोट्टे जातीन.”

पोट्टे म्हणजे मुलांचा संघ. तोही तालुक्यातून निवडला गेला होता. जर्सीचा संच शाळेकडे एकच होता. तालुक्याचे सामने आमचे आधी झाले, म्हणून तो आम्हाला मिळाला होता. निळी जर्सी, पाठीवर शाळेचं नाव. घातली की खांदे आपोआप सरळ व्हायचे.

आमच्यातली एक रडायला लागली. सर वैतागले.

“तोंड कायले पाडता? उद्या सासरी जाऊन पोयाच लाटान. तिथं कोन कबड्डी खेळते?”

पोरं हसली. बाजूलाच रांग लावून उभी होती ती. आमच्या जागांवर बसायला.

आम्हाला कोपऱ्यातल्या वर्गात पाठवलं. जर्सी बदलायला. त्या वर्गाच्या खिडकीचं एक दार तुटलेलं होतं. आम्ही बाकीच्या जणींनी पिशवीत शाळेचा कुर्ता आणला होता. नसीमनं आणला नव्हता.

नसीम आमची सगळ्यात चांगली चढाई करणारी. बारीक अंगाची. चढाईला गेली की समोरच्या पोरी मागे सरकायच्या. तिचे अब्बा दर्यापुरातच गाद्या भरायचे. मोहल्ल्यात लोक त्यांना बोलायचे, जवान पोरगी मैदानात नाचवता म्हणून. ते म्हणायचे, “खेलने दो. मेरी बेटी है.” त्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः तिच्या जर्सीला इस्त्री केली होती. ती घरूनच जर्सी घालून आली होती, वरून ओढणी घेऊन. आत दुसरं काही नव्हतं.

तिनं दारातून सरांना विचारलं, “सर, माह्याकडे दुसरं काई नाई. घरून बदलून येऊ काय?”

“टाइम नाई. ओढनी हाय ना? गुंडाळ.”

खिडकीतून एक हात आत आला. हातात शाळेचा शर्ट. पांढरा, कॉलरवर घामाची पिवळी रेघ.

“हे घे, घाल. मले आता जर्सी भेटून राहिली.”

बाहेर हशा.

नसीम भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आम्ही तिच्याभोवती तिचीच ओढणी धरली. नसीम दगड झाली होती. तिनं तो शर्ट घातला. गळ्यापर्यंत बटणं लावली. जर्सी घडी करून बाहेर दिली. एकानं ती नाकाशी नेली आणि मोठ्यानं म्हणाला, “अत्तर लावून खेळते काय बे हे?”

जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिथेच उभ्या होतो.

नसीम पोट्ट्याचा शर्ट घालून भर बाजारातून घरी गेली. मी तिच्यासोबत होते. लोक बघत होते. तिनं एकदाही मान वर केली नाही. तिचे अब्बा दुकानात कापूस पिंजत होते. भुवयांवर, दाढीत कापूस. त्यांनी शर्ट बघितला.

“ये किसका है?”

तिनं सांगितलं. ते ओरडले नाहीत. उठले, तिच्या अंगावर स्वतःची चादर टाकली आणि तिला आत नेलं.

दुसऱ्या दिवशी नसीम शाळेत आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही. मी तिच्या घरी गेले तेव्हा अब्बा दारात उभे होते. मला आत जाऊ दिलं नाही. रागानं नव्हे. ते मला म्हणाले, “बेटा, मोहल्ले से लड़ लिया, रिश्तेदारों से लड़ लिया. स्कूल से मैं नहीं लड़ सकता.”

ती आतच होती, मला माहीत आहे.

अमरावतीहून पोरं हरून आली. त्यांना कोणी काही बोललं नाही. जर्सी धुवून कपाटात ठेवली गेली. मुलींचा संघ पुन्हा झाला नाही. सर आम्हाला वर्गात कबड्डीचे नियम शिकवत राहिले, परीक्षेसाठी.

मी पुढे शिकले. हट्टानं खेळाचंच शिक्षण घेतलं. पण ती खिडकी माझ्यामागे लागली. होस्टेलवर, नातेवाइकांकडे, लग्नानंतर सासरी, कुठेही कपडे बदलायच्या आधी मी खिडकी बघते. बंद असली तरी हात लावून बघते. कधी कधी मैदानावर, भर उन्हात, पाठमोरी पोरगी दिसते. मापात न बसणारा पांढरा शर्ट. मी हाक मारत नाही. हाक मारली की ती वळेल अशी भीती वाटते. चेहऱ्यावर काय असेल, कोण जाणे.

एकदा ती खरंच दिसली. नोकरीला लागून मी अकोल्यात राहायला आले होते. भाजीबाजारात नसीम उभी होती, एका लहान मुलीचं बोट धरून. मी ओरडले, “नसीम!”

तिनं बघितलं. तिनं मला ओळखलं. डोळे खोटं बोलत नव्हते. मग हळूच म्हणाली, “माफ करना, पहचाना नहीं.”

माझ्याशी जन्मात कधी हिंदी बोलली नव्हती ती. आमच्या दोघींची भाषा वऱ्हाडी होती. ती गर्दीत शिरली. मी मेथीच्या ढिगासमोर कितीतरी वेळ उभी राहिले. भाजीवाली म्हणाली, “घ्याची हाय का नाई, बाई?”

अकोल्यातल्या एका अनुदानित शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे. इथे मी मुलींचा कबड्डीचा संघ उभा केला. मागच्या वर्षी त्या जिल्ह्यात जिंकल्या आणि विभागाच्या सामन्यांसाठी अमरावतीला जायचं ठरलं. मुलांचे क्रिकेटचे सामने त्याच दिवसांत होते. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं.

“मॅडम, गाडी एकच आहे. मुलींचं यंदा राहू द्या. पालकांच्याही तक्रारी आहेत, हाफपँटच्या. तुम्हीच सांगा त्यांना. बाईनं सांगितलं की पोरी समजून घेतात.”

मी “बरं” म्हणाले. खरंच म्हणाले. नोकरीत माणसाचं तोंड आपोआप बरं म्हणतं. मैदानावर गेले. मुली गोल करून बसल्या. मी म्हणाले, “यंदा आपल्याला अमरावतीला...”



आमची कर्णधार पायल. वलगावकडची, मामाकडे राहून शिकते. तिला अंदाज आला. ती उठली.

“काहून, मॅडम?”

काहून. का म्हणून. दर्यापूरला आमच्यातली एकही त्या दिवशी सरांना हे म्हणाली नव्हती. तो शब्द आमच्या तोंडी रोज असायचा. घरी, शेतात, बाजारात. शाळेत तो विचारायचा असतो, हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं.

मी पायलला म्हणाले, “बस. मी विचारून येतो.” कितीतरी वर्षांनी असं बोलले. आमच्या गावाकडे बायाही ‘मी येतो’च म्हणतात.

मुख्याध्यापकांसमोर मी बसले नाही.

“सर, मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. मैदानावर येऊन, त्यांच्या तोंडावर. आणि कारण मला लेखी द्या.”

“कसलं कारण?”

“त्या मुली आहेत हे. दुसरं कुठलं आहे का?”

ते हसले. मी म्हणाले, लिंगावरून भेदभाव करायचा नाही, असं घटनेच्या पंधराव्या कलमात आहे. ते कलम मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले, विसरले. त्या खोलीत ते पहिल्यांदा माझ्या घशातून आलं.

“मॅडम, घटना काय कबड्डीसाठी लिहिली आहे?”

“मग कोणासाठी लिहिली, सर?”

त्यांनी पुढची फाइल उघडली. “या तुम्ही.”

मी शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. पालकांना बोलावलं. पायलचे मामा आले, बाकीच्यांच्या आया कामावरून तशाच आल्या. शेवटी मुख्याध्यापकांनी स्पर्धेच्या प्रवेश अर्जावर सही केली, पेन टेबलावर आपटून. गाडी दिली नाही. आम्ही एसटीनं अमरावतीला गेलो. जाताना मुली गात होत्या. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला भीती वाटत होती. आत्ता कोणीतरी बस थांबवेल, आत्ता म्हणेल, उतरा.

कोणी थांबवली नाही. आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. बाद झालो. पण खेळून बाद झालो.

परत आल्यावर माझ्याकडून खेळाचे तास काढून घेतले. मुलींचा सराव बंद केला. मैदानावर क्रिकेटची जाळी लागली. मला शिस्तभंगाची नोटीस आली. चौकशी लागली आहे. शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून निरोपही आला आहे, माफी लिहून द्या, सगळं मिटवू.

एका वकीलबाईंना भेटले. त्या स्पष्ट बोलल्या, “शाळेतल्या खेळांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. काही देशांत आहे. तुम्हाला घटनेवरच उभं राहावं लागेल. वेळ लागेल.”

लागू दे.

नसीमला यातलं काही माहीत नाही. माहीत झालं तरी तिचं काही परत येणार नाही. पाठमोरी पोरगी मला अजून दिसते. तिचं समाधान माझ्याकडे नाही, आणि मी ते शोधतही नाही.

मी माफी लिहून देणार नाही. चौकशीच्या दिवशी पायल येणार आहे, तिचे मामा येणार आहेत. समोर संस्थेची माणसं बसतील. मी त्यांना विचारणार आहे, अनुदान सरकारचं, मग मैदान एकट्या पोरांचं कसं? बदली केली तर जिथे जाईन तिथे मुलींचा संघ काढीन. नोकरीवरून काढलं तर कोर्टात जाईन. तिथे हरले तर वरच्या कोर्टात. शिक्षिका म्हणून उभं राहू दिलं नाही, तर नागरिक म्हणून उभी राहीन. तिथून मला कोणी निलंबित करू शकत नाही.