बिनआवाजाचा कॉम्प्युटर

मुलगा जर्मनीत नोकरीला गेला तेव्हापासून फोनवर त्याचे तीनच शब्द. हो. जेवलो. बरं. रविवारी फोन लावायचा, मी खोदून खोदून विचारायचं, आणि तिकडून हे एवढं. बोलायला शिकवलं मीच, आणि आता हा माझ्याशीच बोलायला तयार नाही! राग यायचा. फोन ठेवला की रडूही यायचं, खोटं कशाला सांगू.

मग दिवाळीत तो हिंगणघाटला घरी आला. दुपारी चहा द्यायला खोलीपाशी गेले, तर आतून हसण्याचा आवाज. कानाला हेडफोन लावून हा तिकडच्या दोस्तांसोबत गेम खेळत होता आणि खेळता खेळता बोलत होता. तिथल्या थंडीबद्दल, करपलेल्या पोळीबद्दल, घरमालकिणीच्या कुत्र्याबद्दल. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चहा निवला तरी मी दारातच उभी. म्हणजे पोरगा बोलतो तर! फक्त गेममध्ये बोलतो. मंग मीच तिथे जाते, म्हटलं.

तो परत निघाला तेव्हा मी सांगून टाकलं, "मले पण हा गेम खेळायचा."

तो हसला. "खेळजो न. पण त्याले तगडा कॉम्प्युटर लागते, आई. घरचा जुना तर सुरूच नाई होणार."

झालं! मी शिवणक्लास चालवते. मशीन कोणतंही असो, उघडून बघितल्याशिवाय माझा जीव शांत होत नाही. तयार डबा आणायचाच नाही, एकेक पार्ट निवडून आपणच जोडायचा, असं ठरवलं आणि हिवाळाभर व्हिडिओ बघितले. यजमान कापसाचे व्यापारी. ते म्हणाले, "या वयात काय सुचून राह्यलं तुले?"

"तुमच्याशी बोलते का तो?" मी विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला नागपूरला न्यायला गाडी काढली.

दुकानात माझी नुसती चंगळ. प्रोसेसर बघितला तर मोठ्या शंकरपाळ्याएवढा. सगळा विचार हा एवढासा करतो? ग्राफिक्स कार्ड मात्र विटेसारखं जड, आणि त्याला तीन पंखे. तीन काऊन? प्रोसेसरवर पेस्ट कशासाठी लावायची? कमी लागली तर काय होते, जास्त लागली तर? रॅमच्या दोन पट्ट्या बाजूबाजूला न बसवता मधली खाच का सोडायची? दुकानदार सुरुवातीला खुशीत सांगत होता. नंतर घाम पुसत म्हणाला, "मॅडम, लेना है कि मेरा इंटरव्ह्यू लेना है?"

"दोन्ही," मी म्हटलं.

माझ्या अटी दोन. पहिली, भर मे महिन्यात दुपारी तो चालला पाहिजे, कारण मुलाची रविवारची सकाळ म्हणजे आमची दुपार. दुसरी, आवाज अजिबात नको. माइकमधून पंख्यांची घरघर गेली तर त्याला माझं बोलणं काय ऐकू येणार? मिक्सर घेताना आपण दुकानात चालवून बघतो न, तसेच मी सगळे पंखे चालवून दाखवायला लावले आणि एकेकाला कान लावला. त्यातले सगळ्यात मुके निवडले. कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, काचेच्या तोंडाचाही देखणा होता, पण हवेसाठी जाळीचा घेतला. यजमानांना ती जाळी काही पसंत पडली नाही. "रुई जाईन न आत," ते म्हणाले. तेही खरंच. यांच्या सदऱ्यावरून ती आमच्या वरणातसुद्धा येते.

जेवणाच्या टेबलावर दोन-तीन दिवस पसारा मांडून मी तो जोडला. बटण दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले, आणि मी ओरडले, "अव माय, सुरू झाला!" क्लासच्या बाया सुया सोडून बघायला धावल्या.

मग आला मे महिना. मुलगा म्हणाला, रविवारी गेममध्ये ये. आदल्या दुपारी मी तालीम करायला बसले, तर थोड्याच वेळात पडदा काळा. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. तारा तपासायला टेबलाखाली वाकले, तर कॅबिनेट दुपट्ट्यात! पुढूनमागून गुंडाळून वर गाठ मारलेली. यजमान उन्हात निघताना डोक्या-तोंडाला बांधतात, अगदी तशी.

"हे काय?"

"रुई उडते. आपण उन्हात तोंड बांधतो न? मंग त्याले नको का?"

इतका राग आला की हसूच फुटलं. "अहो, श्वास कोंडला न त्याचा! तापून बंद पडून राह्यला तो!"

ते ओशाळले. गाठ सोडता सोडता म्हणाले, "मले वाटलं, टिकला पाह्यजे. तुयाशी बोलला तो, त मी पण आयकीन."

मग मला त्यांच्यावर रागावता येईना.

रविवारी खिडकीतला लोखंडी कूलर मी बंद करून टाकला. त्याची ओली हवा मशीनला नको, आणि आवाज तर गिरणीसारखा. दोघं घामाने निथळत बसलो. कॉम्प्युटर मात्र हूं का चूं न करता चालला. मुलगा गेममध्ये आला. "आई, डावीकडे. आई, पळ. मी हाय मागं." तीन शब्दांवरून गाडी पुढे सरकली होती, पण सगळं गेमचंच. कसा आहेस विचारलं तर म्हणे, "बरा. पळ, पळ!" याचसाठी का मी एवढा खटाटोप केला, असं वाटायला लागलं.

तेवढ्यात यजमानांना उकाडा सोसवेना. त्यांनी उठून कूलर लावला. तो खडखडला, पंपाने पाणी ओढलं, वाळ्याच्या ताट्यांवरून टपटप सुरू झाली.

"बंद करा तो आधी!" मी खेकसले. "त्याले काही ऐकू नाई येणार!"

"नको, आई," हेडफोनमधून मुलगा म्हणाला. "राहू दे."

पडद्यावर त्याचा गडी होता तिथेच थांबला. समोरून दोघं आले, त्याला मारून गेले. मला वाटलं नेट गेलं. मग त्याने विचारलं, "पंप अजून ठोकल्याशिवाय पाणी नाई घेत का व?"

मी ते यजमानांना सांगितलं. ते माइकपाशी वाकून म्हणाले, "नाई घेत. आताच एक लाथ हाणली."

तो हसला. हसता हसता आवाज बदलला. "इथं लय शांत हाय, आई. खिडकी लावली का काहीच ऐकू येत नाई. मले झोप नाई लागत."

आणि मग तो बोलायला लागला. मी हेडफोन काढून स्पीकर लावला, म्हणजे यजमानांनाही ऐकू येईल. एकटं जेवायचा कंटाळा येतो म्हणून उभ्यानेच जेवतो, म्हणाला. गेम केव्हाच संपला होता.

मुक्या पंख्यांसाठी मी त्या दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं. आता माइक उचलला, वायर ओढत खिडकीपाशी नेला आणि कूलरजवळच्या स्टुलावर ठेवला.

"ऐकू येते का नीट?" मी तिथूनच ओरडून विचारलं.

"येते," तो म्हणाला. "तुम्ही दोघं पण तिथंच बसा न."